राजद्रोह आणि देशद्रोह

एकाच खटल्याच्या बातमीत वर्तमानपत्रे कधी ‘राजद्रोह’ तर कधी ‘देशद्रोह’ लिहितात. हे दोन शब्द समानार्थी मानावेत का, असा प्रश्न आहे. मानू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

मित्रद्रोह, स्वामिद्रोह या शब्दांप्रमाणेच येथेही द्रोह कोणाचा हे पूर्वपद सांगते. राजद्रोह हा राज्यकर्त्या सत्तेचा, देशद्रोह हा देशाचा. भारतीय दंडसंहितेत १८७० साली घातलेल्या कलम १२४-अ मध्ये ‘कायद्याने प्रस्थापित झालेल्या सरकारविषयी’ अप्रीती उत्पन्न करणे हा गुन्हा ठरवला होता. म्हणजे या कलमाने ज्याला संरक्षण दिले ते सरकार होते, आणि म्हणूनच जुन्या मराठी लेखकांनी त्यासाठी ‘राजद्रोह’ हाच शब्द योजला. १८९७ साली लोकमान्य टिळकांवरील खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी अप्रीती म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव, असा अर्थ ज्यूरीला सांगितला आणि टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा ठरत असेल, तर तो कायदा कोणासाठी केलेला आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

१९०८ च्या खटल्याने तर दोन शब्दांतील अंतर अगदी स्वच्छ दाखवले आहे. मुजफ्फरपूरच्या बॉम्बस्फोटानंतर केसरीत आलेल्या ज्या लेखांवरून टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस जावे लागले, त्यांतील एकाचे शीर्षकच ‘देशाचे दुर्दैव’ असे होते. देशासाठी हळहळणारा हा लेख सरकारच्या दृष्टीने राजद्रोह होता. त्याला देशद्रोह म्हणण्यास कोणाही मराठी माणसाची जीभ धजणार नाही.

स्वातंत्र्यानंतरही कलम तसेच राहिले. १९६२ साली केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले, पण हिंसेला चिथावणी देणाऱ्या किंवा सार्वजनिक शांतता बिघडवण्याकडे कल असलेल्या कृत्यांपुरतेच त्याला मर्यादित केले. शिवाय कायद्याने प्रस्थापित सरकार आणि त्या वेळी कारभार पाहणाऱ्या व्यक्ती यांत भेद आहे, हेही नमूद केले. हा भेद ‘देशद्रोह’ या शब्दाने पुरता पुसला जातो. मंत्र्यावर टीका करणाऱ्याला देशद्रोही म्हटले की मंत्री आणि देश एकच झाले, आणि आपले म्हणणे मांडण्याआधीच तो माणूस समाजाच्या नजरेतून उतरतो. पत्रकारांनी या शब्दाच्या बाबतीत अधिक काळजी घ्यायला हवी, असे मला कळकळीने वाटते.

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम १२४-अ चा वापर स्थगित ठेवला आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यातील कलम १५२ भारताचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांविषयी आहे. राजद्रोहाच्या जागी देशद्रोह आणला, असे गृहमंत्री अमित शाह यांनी संसदेत सांगितले होते. मात्र कलमाच्या मजकुरात या दोहोंपैकी एकही शब्द नाही. त्यामुळे जुन्या कलमाखालील खटल्यांना ‘राजद्रोहाचा खटला’ म्हणावे, आणि नव्या कलमाखाली कोणावर आरोप ठेवला असेल तर ‘कलम १५२ खालील आरोप’ असे लिहावे.