व्याख्या की विवरण?

प्रश्न (यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शिक्षकांचा): शाळेच्या वेबपानावर गावच्या शेतीतले शब्द टाकतो आहे. शब्द ठळक, पुढे रेघ, मग अर्थ, असं केलं होतं. एक माजी विद्यार्थी म्हणाला, ‘सर, डीएल वापरा.’ डीएलला मराठीत ‘व्याख्या यादी’ म्हणावं का?

विद्यार्थ्याचं ऐका. ठळक अक्षर आणि रेघ डोळ्यांना पुरते, पण पान मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यातून काही कळत नाही. डीएल, डीटी, डीडी या एचटीएमएलमधल्या, म्हणजे वेबपान लिहिण्याच्या भाषेतल्या, खुणा. डीएल म्हणजे अख्खी यादी, तिच्यात डीटी म्हणजे शब्द आणि डीडी म्हणजे त्या शब्दाबद्दल जे सांगायचं ते.

‘व्याख्या यादी’ मात्र नको. एचटीएमएलच्या १९९९ च्या ४.०१ या आवृत्तीत हिचं नाव ‘डेफिनिशन लिस्ट’ होतं, तेव्हा ते चाललं असतं. २०१४ च्या एचटीएमएल ५ मध्ये ती ‘डिस्क्रिप्शन लिस्ट’ झाली, आणि ते योग्यच झालं. व्याख्येचं माप आपल्याकडे फार कडक. न्यायशास्त्रानं, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रानं, अव्याप्ती आणि अतिव्याप्ती हे दोष कधीच सांगून ठेवलेत: एकही नग सुटायला नको, परका एकही शिरायला नको. ‘तिफन: तीन फणांचं पेरणीचं अवजार’ ही व्याख्या म्हणून चालेल. पण पऱ्हाटीपुढे तुम्ही ‘कपाशीचं झाड, वेचणी संपली की वाळलेली चुलीत जाते’ असं लिहाल, आणि लिहावंच. ती व्याख्या नव्हे, ते विवरण. ‘तालुका: दारव्हा’ अशा जोड्याही डीएलमध्ये बसतात, त्यांना तर कोणीच व्याख्या म्हणणार नाही. म्हणून माझी पसंती ‘विवरण यादी’ला. ‘वर्णन यादी’ चुकीची नाही, पण वर्णन म्हटलं की निबंधच आठवतो.

तुमच्या कामाला खरा उपयोग पुढचा आहे. एका डीटीखाली अनेक डीडी चालतात, आणि अनेक डीटींना मिळून एक डीडीही चालतो. ‘वावर’ आणि ‘शेत’ लागोपाठ दोन डीटींत लिहा, खाली अर्थ एकदाच. ‘धुरा’चं उलटं. आपल्याकडे धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध (ज्याच्यावरून भाऊ-भाऊ तहसीलीत उभे राहतात तोच), आणि पुस्तकी मराठीत कार्यभार, ‘धुरा सांभाळणे’ मधला. इथं डीटी एक, डीडी दोन. ‘धुरा’ दोनदा लिहिलात तर पोरांना ते दोन वेगळे शब्द वाटतील.

जिथं खरोखर व्याख्या देता, तिथं डीटीच्या आत शब्दाला डीएफएन लावा. ‘या शब्दाची व्याख्या इथं आहे’ असं सांगणारी खूण ती. तिफनला लावा, तालुक्याला नको.

पानाला भाषेचा कोड ‘एमआर’ द्या, नाहीतर वाचणारं सॉफ्टवेअर मराठी भलत्याच उच्चारात वाचू शकतं. वऱ्हाडी-नागपुरीला आयएसओ ६३९-३ या भाषांच्या कोडांच्या आंतरराष्ट्रीय यादीत ‘व्हीएएच’ असा वेगळा कोड आहे. गावच्या म्हातारबांचं एखादं वाक्य जसंच्या तसं उतरवलंत, तर तेवढ्यालाच तो लावा.

आणि हो, ब्राउझर डीडी थोडा आत सरकवून दाखवतो. नुसता मजकूर आत घ्यायला म्हणून कोणी डीडी वापरतं, ते करू नका. त्याला सीएसएस, म्हणजे पानाचं दिसणं ठरवणारी वेगळी भाषा, आहे.