साखर सोडली, तरी साखर वाढली?

"साखर पूर्ण बंद आहे माझी. मग रिपोर्टमध्ये कशी वाढली?" हा प्रश्न इतक्या जणांकडून ऐकलाय की समोरच्याने अर्धा विचारला तरी उरलेला मला पाठ असतो.

त्यांतल्याच एक बाई. वय चाळिशीचं, आईला मधुमेह. उपाशीपोटी साखर ११२, एचबीएवनसी (सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ५.९. म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर (उपाशीपोटी १०० ते १२५, एचबीएवनसी ५.७ ते ६.४). येताना वही घेऊन आल्या होत्या. एका बाजूला 'चालेल', दुसऱ्या बाजूला 'चालणार नाही'.

"केळं चालणार नाही आणि फळांचा रस चालेल?"

"रसात वरून साखर घालत नाही ना मी!"

'चालेल'मध्ये शुगर-फ्री बिस्किटं, पांढरा ब्रेड आणि भातही होता. जिभेला गोड लागत नाही ते निर्धोक, असा सगळा हिशेब. पण बिस्किटातला मैदा आणि भातातला स्टार्च पचून शेवटी ग्लुकोजच होतो. ग्लायसेमिक इंडेक्स म्हणजे एखादा पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो त्याचा आकडा. शुद्ध ग्लुकोजचा तो १०० धरला तर घरातल्या साखरेचा साधारण ६५ येतो आणि पांढऱ्या ब्रेडचा ७५ च्या आसपास! मसूर मात्र तिशीच्या घरात. रस गाळताना चोथा जातो, आणि साखरेचा वेग आवरणारा तोच असतो. हे ऐकून त्यांनी वही मिटली. मला मात्र नवी यादी द्यायची घाई नव्हती.

पुढच्या एका भेटीत सहज विचारलं, "दुपारी काय जेवता?"

"टाळतेच. सकाळचा आकडा जास्त दिसला की धीर होत नाही."

"आणि रात्री?"

बराच वेळ गेला. "रात्री भात. दोनदा वाढून घेते." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "म्हणजे दिवसभर मी स्वतःला शिक्षा करते आणि रात्री सुटते."

अशा वेळी समजावायला सुरुवात करायचा मोह होतो. मी गप्प राहिले, आणि ते जमलं याचं मला आजही बरं वाटतं. घाबरून जेवणाऱ्याला आधी त्याचं जेवण परत द्यावं, बदल नंतर सुचवावेत, या मताची मी आहे.

मग सकाळच्या आकड्याबद्दल बोललो. तो फक्त आदल्या रात्रीच्या ताटाचा नसतो. पहाटे यकृत स्वतःच रक्तात साखर सोडतं. शरीर इन्सुलिनला (रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या संप्रेरकाला) दाद देईनासं झालं की स्वादुपिंड जादा इन्सुलिन सोडून कित्येक वर्षं आकडा आवरून धरतं. म्हणून एका सकाळच्या आकड्यावर दुपारचं जेवण ठरवू नये.

त्यांनी दुपारचं जेवण सुरू केलं. आधी भाजी-डाळ, मग भात, तोही निम्मा. या क्रमाने जेवणानंतरची साखर कमी चढते. रस बंद, अख्खं फळ सुरू. रात्री जेवून थोडं चालणं, कारण काम करणारे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ग्लुकोज उचलतात. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात वजन ७ टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम हे लक्ष्य ठेवलेल्या गटात मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने ते ३१ टक्के घटलं होतं.

तीन महिन्यांनी त्यांचं एचबीएवनसी ५.६ आलं. एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं, त्यामुळे त्याआधी पुन्हा तपासायची घाई नको. आणि ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या सुरू आहेत, त्यांनी भात निम्मा करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. त्यांची साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते.