कंपनी चुकीचं करत असेल आणि निर्णय माझा नसेल, तर दोष माझा किती?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही एका ॲप कंपनीत टेस्टर आहात. वापरणाऱ्याने लोकेशन बंद केलं तरी ॲप आडवाटेने त्याचा ठावठिकाणा गोळा करत राहतं, हे तुम्हाला लॉग (ॲपच्या कामाची आपोआप होणारी नोंद) तपासताना दिसलं. तुम्ही विचारलं, तर 'ते तसंच हवंय, पास करून टाक' असं उत्तर आलं. निर्णय तुमचा नाही, कोड तुमचा नाही, आणि घर तुमच्या पगारावर चालतं. तर दोष तुमचा आहे का, आणि नोकरी सोडावी का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, थोडा आहे. तुम्ही त्या कंपनीत आहात एवढ्यानेच तो तुमच्याकडे येत नाही. तुम्हाला कळलं म्हणून येतो. ते लॉग तुमच्या स्क्रीनवर आले त्याच्या आदल्या दिवसापर्यंत तुमच्याकडे काही नव्हतं. त्याच मजल्यावर बसून पगाराचे हिशेब करणाऱ्या माणसाला मी यात अजिबात ओढणार नाही. आपण सहसा धरून चालतो की जबाबदारी हुद्द्याप्रमाणे वाटली जाते, वरच्याची मोठी आणि खालच्याची लहान. मला वाटतं ती दोन गोष्टींवर ठरते: तुम्हाला काय माहीत आहे, आणि तुमच्या हातून पुढे काय जातं. कित्येकदा वरच्याला खरंच माहीत नसतं आणि टेस्टरला असतं. (वरच्याने मुद्दाम माहीत करून घेतलं नसेल, तर तो त्याचा वेगळा गुन्हा.)

फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचं प्रकरण तुम्ही ऐकलं असेल. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ते जाहीर केलं. गाडीतलं सॉफ्टवेअर स्टिअरिंगची स्थिती, वेग, इंजिन किती वेळ चालू आहे, हवेचा दाब अशा गोष्टींवरून ओळखायचं की गाडी आत्ता रस्त्यावर नाही, चाचणीच्या रोलरवर आहे. तेवढ्यापुरता धूर स्वच्छ. रस्त्यावर आली की नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटींपर्यंत. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. हे कुणीतरी खुर्चीत बसून लिहिलं होतं. त्याचं टेस्टिंगही झालं असणार, आणि ते बिनचूक पास झालं असणार, कारण सॉफ्टवेअर सांगितलेलं काम चोख करत होतं. आपल्या धंद्यातली ही गोष्ट मला कायम अस्वस्थ करते: स्पेसिफिकेशनप्रमाणे, म्हणजे आधी ठरवून दिल्याप्रमाणे, चालणाऱ्या लबाडीला आपल्याकडे 'बग' (चूक) म्हणता येत नाही.

त्या प्रकरणात जेम्स लियांग नावाच्या इंजिनियरला ऑगस्ट २०१७ मध्ये ४० महिन्यांची कैद आणि २ लाख डॉलर दंड झाला. त्याने गुन्हा कबूल केला होता, तपासाला मदतही केली होती. सूत्रधार तो नव्हताच. मालकावरच्या आंधळ्या निष्ठेपायी तो यात गेला, असं त्याच्या वकिलाचं म्हणणं होतं. तरी न्यायाधीशांनी सरकारी वकिलांनी मागितलेल्यापेक्षा जास्तच शिक्षा दिली. तुरुंगाची भीती घालायला हे सांगत नाही. बहुतेक प्रकरणं कोर्टाची पायरी चढतच नाहीत. पण 'मला सांगितलं, मी केलं' हे वाक्य आपल्याला आतून वाटतं तितकं भक्कम नाही, एवढं यावरून दिसतं.

तुमच्या परिस्थितीच्या जास्त जवळचं उदाहरण मात्र दुसरं आहे. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसात १९९९ पासून होरायझन नावाची संगणकप्रणाली आली, फुजित्सूने चालवलेली. तिच्यातल्या चुकांमुळे छोट्या शाखांच्या हिशेबात नसलेली तूट दिसू लागली, आणि शाखा चालवणाऱ्यांवर चोरीचे, खोट्या हिशेबांचे खटले भरले गेले. ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींची घरं गेली, काहींनी जीव दिला. पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षं ठासून सांगत राहिलं की शाखेच्या हिशेबाला बाहेरून कुणी हात लावूच शकत नाही. फुजित्सूच्या सपोर्ट विभागातल्या लोकांना मात्र माहीत होतं की लावता येतो, कारण ते स्वतः लावत होते. रिचर्ड रोल हा त्यांतला एक. २००१ ते २००४ तो तिथे होता. २०१५ मध्ये तो बीबीसीसमोर बोलला, पुढे कोर्टात साक्षीला उभा राहिला, आणि डिसेंबर २०१९ च्या निकालात न्यायालयाने शाखाचालकांची बाजू खरी धरली.

मला या सगळ्यात तो सपोर्ट विभाग दिसत राहतो. तिथल्या कुणीही कुणाला तुरुंगात टाकलं नाही. तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, आलं, दुरुस्त केलं, बंद केलं. खटला चालवणारा वकील वेगळा, तक्रार करणारा अधिकारी वेगळा, शिक्षा देणारा न्यायाधीश वेगळा. प्रत्येकाच्या हातात एवढासा तुकडा, आणि म्हणून प्रत्येकजण नामानिराळा. डेनिस थॉम्प्सन या राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने १९८० मध्ये याला 'अनेक हातांचा प्रश्न' असं नाव दिलं होतं. हात पुष्कळ आहेत म्हणून एकेकाची जबाबदारी विरून जात नाही, हा त्याचा मुद्दा. तोंडाने आपण सगळेच तो मान्य करतो. सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये विसरतो.

आता माझं सांगतो, नाहीतर हे लांबून दगड मारणं होईल.

काही वर्षांपूर्वी मी एका सबस्क्रिप्शनवाल्या कंपनीत होतो. मला काम मिळालं ते 'रद्द करा' हे बटण सेटिंगमधून काढून तीन पडदे आत नेण्याचं, आणि शेवटच्या पडद्यावर बटणाऐवजी फोन नंबर देण्याचं. तो फोन फक्त ऑफिसच्या वेळात उचलला जायचा. आमच्या बोलण्यात याला 'रिटेन्शन', म्हणजे ग्राहक टिकवणं, म्हणत. दोन आठवड्यांचं काम मी आठ दिवसांत केलं आणि शाबासकीही घेतली. मला काही वाटलं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. वाटलं होतं, पण तो विचार मी पुरा होऊ दिला नाही. डोळ्यांवर कातडं ओढण्यालाही एक सराव लागतो, तो मला झाला होता.

मग सपोर्टमधल्या एका सहकाऱ्याने मला एक मेल पुढे पाठवला. एका वृद्ध गृहस्थांचा. त्यांची पत्नी गेली होती, खातं तिच्या नावावर होतं, पासवर्ड त्यांना माहीत नव्हता, आणि सात महिने पैसे कापले जात होते. फोनवर त्यांना सांगितलं गेलं होतं की खातेदाराशीच बोलावं लागेल. मी तो मेल मॅनेजरला पाठवला आणि वर एक ओळ लिहिली: 'हे आपण मुद्दाम बांधलेल्या रचनेमुळे झालं आहे, बटण परत आणू या.' दहा मिनिटांत मॅनेजर माझ्या खुर्चीजवळ आला. रागावला नाही. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अरे, असं काही असलं की येऊन बोलत जा. मेलवर कशाला लिहितोस?"

नीतीचं एवढं चांगलं शिक्षण मला दुसरं कुणी दिलेलं नाही. बटण कुठे असावं याबद्दल त्याला माझं मत ऐकायला हरकत नव्हती, फक्त ते लिहिलेलं नको होतं. तेव्हापासून माझी साधी खूण ठरली आहे. जे करायला सांगतात पण लेखी सांगत नाहीत, आणि ज्यावरचा आक्षेप तोंडी चालतो पण लेखी चालत नाही, ते काम कसलं आहे हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असतं. तुम्हालाही 'पास करून टाक' हे तोंडीच सांगितलं गेलं असावं, अशी माझी पैज आहे.

पुढचं काम आलं ते खोट्या उलट्या मोजणीचं. 'ऑफर संपायला ९ मिनिटं' असं दाखवणारं घड्याळ, जे पान पुन्हा उघडलं की परत ९ मिनिटांवर यायचं. मी नाही म्हणालो. ते शेजारच्या मुलाला दिलं आणि त्याने दोन दिवसांत करून टाकलं. म्हणजे 'मी नाही केलं तर दुसरा करेल' हे लोक सांगतात ते खरंच आहे, निदान माझ्या बाबतीत शब्दशः खरं निघालं. पण त्यातून निष्कर्ष काढतात तो मला जमत नाही. दुसरा करणार असेल तर तो दोष त्याच्या नावावर जाईल. माझ्या नकाराने घड्याळ थांबलं नाही. फक्त तो मुलगा जेवणाच्या सुट्टीत येऊन विचारून गेला की तू का नाही म्हणालास, आणि तिसऱ्या तसल्या कामाला आम्ही दोघं नाही म्हणालो. तेव्हा ते काम 'पुढच्या तिमाहीत बघू' झालं. पुढची तिमाही आली तेव्हा मी तिथे होतो, ते काम आलं नाही. यापेक्षा मोठा पराक्रम माझ्याकडे सांगायला नाही.

एकट्याच्या नकाराला किंमत कमी आणि त्रास जास्त, हे मान्य करूनच पुढे जाऊ. १९७० मध्ये पोलरॉइड कंपनीत कॅरोलिन हंटर ही रसायनशास्त्रज्ञ आणि केन विल्यम्स हा छायाचित्रकार, या दोघांच्या लक्षात आलं की आपल्या कंपनीची झटपट फोटोची यंत्रणा दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीयांवर सक्तीच्या केलेल्या पासबुकांसाठी, म्हणजे कायम जवळ बाळगायच्या ओळखपत्रांसाठी, वापरली जाते. दोघांनी पत्रकं लावली, सहकाऱ्यांना गोळा केलं, बहिष्काराची हाक दिली. हंटरची नोकरी पुढच्याच वर्षी गेली. कंपनीने दक्षिण आफ्रिकेतून अंग काढून घेतलं ते १९७७ मध्ये. सात वर्षं लागली, आणि ज्यांनी सुरुवात केली त्यांना ती कंपनीबाहेर काढावी लागली. गुगलमध्ये २०१८ साली ड्रोनच्या चित्रफिती तपासणाऱ्या लष्करी प्रकल्पाविरुद्ध सुमारे ४,००० कर्मचाऱ्यांनी सह्या केल्या, काहींनी राजीनामे दिले, आणि जूनमध्ये कंपनीने तो करार पुढे न वाढवण्याचं जाहीर केलं, वर शस्त्रांसाठी एआय करणार नाही असं वचनही दिलं. ते वचन २०२५ च्या फेब्रुवारीत तत्त्वांच्या यादीतून गळलं. मधल्या काळात, २०२४ मध्ये, इस्रायल सरकारशी केलेल्या क्लाउड कराराविरुद्धच्या निदर्शनांवरून काही डझन लोकांना कामावरून काढण्यात आलं. जिंकलेली गोष्टही राखावी लागते, आणि राखणारी माणसं बदलली की ती जाते.

आता नोकरी सोडण्याचं. मुकाट्याने सोडण्याला आपल्याकडे फारच मान दिला जातो, असं मला वाटतं. सोडणाऱ्याची झोप सुधारते, ॲप होतं तसंच राहतं, आणि आतलं खरं जाणणारा एक माणूस कमी होतो. शिवाय सगळ्यांना सोडणं सारखं परवडत नाही. ज्याच्याकडे वर्षभराची शिल्लक आहे आणि ज्याला बाहेर चार ठिकाणी बोलावतील, त्याने 'माझा नाइलाज आहे' म्हणू नये. तुमच्यावर घर आहे. तुमच्याकडून राजीनाम्याची अपेक्षा करणारा माणूस तुमचे हप्ते भरणार नाही. माझ्या दृष्टीने सोडायची वेळ तेव्हा येते, जेव्हा तुमची स्वतःची सही खोट्यावर लागल्याशिवाय काम पुढे जात नाही. तुम्ही त्या रेषेला लागून उभ्या आहात. तुमचं 'पास' ही सही आहे.

म्हणून सोमवारी एवढंच करून बघा. तिकिटावर 'पास' लिहू नका आणि भाषणही लिहू नका. दिसलं ते लिहा: लोकेशन बंद केल्यावरही अमुक स्क्रीनवर, अमुक वेळेला, अमुक माहिती सर्व्हरकडे जाते, गोपनीयता धोरणात याचा उल्लेख नाही, हे अपेक्षित आहे का, कृपया लेखी कळवावं. तिकीट कायदेशीर बाजू बघणाऱ्यालाही टॅग करा, तुमच्या कंपनीत तसं कुणी असेल तर. मग बघा कोण खुर्चीजवळ येतं ते. कंपनीचे लॉग किंवा स्क्रीनशॉट घरी नेऊ नका, त्यात तुम्हीच अडकाल. पण कोण काय म्हणालं ते तारखेसह घरच्या वहीत लिहा. बाहेर कुठे तक्रार करायची वेळ आलीच, तर तोंड उघडण्याआधी वकिलाला भेटा, नंतर नाही. आणि दुसरीकडे अर्ज करायला आजपासूनच लागा. ज्याच्या खिशात दुसरी ऑफर असते त्याचा आवाज मीटिंगमध्ये वेगळा लागतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

मी त्या कंपनीत मेलच्या प्रकरणानंतर आणखी चौदा महिने होतो. बटण परत आलं नाही. त्या गृहस्थांना पैसे परत मिळाले का, हे सपोर्टमधल्या सहकाऱ्याला विचारायला दोन मिनिटं लागली असती. मी विचारलं नाही.