ऑस्टिनला साक्ष द्यायला जाण्याआधी

सलाम बेटा. टेक्ससमध्ये कुटुंबाच्या प्रश्नांवर काम करायला निघालीस, जीव सुखावला. इथल्या विधिमंडळाचं नियमित अधिवेशन राजधानी ऑस्टिनला दोन वर्षांतून एकदाच, विषम सालच्या जानेवारीत सुरू होतं, तेही फार तर १४० दिवस. ६० व्या दिवसानंतर नवं विधेयक मांडणं फार अवघड. म्हणून खरी मेहनत सम सालात, आमदारांच्या मतदारसंघात.

विधेयक स्वतः वाच, कुणी सांगितलेल्या सारांशावर विसंबू नकोस. २०२३ चं एचबी ११८१ (एचबी म्हणजे ‘हाउस बिल’, कनिष्ठ सभागृहातलं विधेयक) घे. अश्लील संकेतस्थळांना वयाची खात्री करायला लावणारा हा कायदा, पण एक तृतीयांशाहून जास्त मजकूर मुलांना अपायकारक असेल तरच लागू होतो. हा ‘एक तृतीयांश’ तुला समजावता आला नाही, तर पुढच्याच प्रश्नाला तोंडाला कुलूप. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हा कायदा ६ विरुद्ध ३ मतांनी उचलून धरला, तेव्हा माझे डोळे भरून आले. किती आयांनी त्यासाठी प्रार्थना केली होती!

विधेयकावर साक्ष ऐकणाऱ्या आमदारांच्या समितीपुढे दोन-तीन मिनिटंच मिळतात. बायबलमधली वचनं तुला तोंडपाठ आहेत, ठाऊक आहे मला. तरी आधी घरातली गोष्ट सांग. पहिल्या साक्षीला मी चार पानं लिहून नेली होती, दुसऱ्यावरच वेळ संपली. विरोधात बोललेल्या बाई बाहेर भेटल्या तर नमस्कार कर, विचारपूस कर. आमदारांच्या कचेरीतल्या पोरांशीही तसंच वाग, कागद तेच पुढे सरकवतात.

संस्था करमुक्त धर्मादाय असेल, तर तिच्या नावाने उमेदवाराचा प्रचार अजिबात नको. आणि डबा बरोबर ने, बोलायची पाळी कधीकधी मध्यरात्री येते.