पोर्तुगालचं सोनं गेलं कुठं?

प्रश्न : वसईचा किल्ला बघताना मुलाने विचारलं, "पोर्तुगीज सगळ्यांच्या आधी आले, सगळ्यांच्या शेवटी गेले, ब्राझीलचं सोनंही त्यांचंच. मग इंग्लंड, हॉलंड श्रीमंत झाले आणि हे मागे का पडले?" मला काही सांगता आलं नाही. तुम्ही सांगाल का? — एक वाचक, पालघर

उत्तर : वाईट वाटून घेऊ नका. म्हापशाला कॉलेजात शिकवत असताना शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने मला जवळपास हेच विचारलं होतं, आणि मी घंटा कधी होते याची वाट पाहत उभी राहिले होते.

विषय चालला होता आंतरराष्ट्रीय व्यापाराचा. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोचं 1817 सालचं उदाहरण दरवर्षी फळ्यावर मांडायचं. ठरावीक कापडासाठी इंग्लंडला वर्षभर 100 माणसं लागतात, पोर्तुगालला 90. ठरावीक वाइनसाठी इंग्लंडला 120, पोर्तुगालला 80. म्हणजे दोन्ही कामांत पोर्तुगालच सरस. तरी त्याने वाइन करावी, कापड इंग्लंडकडून घ्यावं, त्यात दोघांचंही भलं आहे, असा तो हिशेब. मुलं मुकाट्याने आकडे उतरवून घ्यायची. हा एकटा उठला आणि म्हणाला, "मॅडम, दोन्हींत पुढे असलेला देश मग मागे कसा पडला?"

आकडे रिकार्डोने समजावण्यापुरते घेतले होते. सौदा मात्र खरा होता. 1703 च्या मेथ्युएन कराराने इंग्रजी लोकरी कापडाला पोर्तुगालचं दार उघडलं. बदल्यात इंग्लंडमध्ये पोर्तुगीज वाइनवर फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात बसू लागली. त्याच्या तीसेक वर्षं आधी एरिसेइराचे काउंट, म्हणजे पोर्तुगालच्या खजिन्याचे मंत्री, देशातच लोकरीचे कारखाने उभे करायच्या खटपटीत होते. 1690 साली ते वारले आणि त्याच दशकात ब्राझीलमध्ये, मिनास जेराइसला, सोनं सापडलं. गाठीला सोनं असल्यावर मागावर बसतो कोण?

वाइन विकून कापडाचे पैसे पुरते फिटत नसत. उरलेली बाकी सोन्यात चुकती व्हायची. पोर्तुगीज सोन्याची नाणी इंग्लंडच्या बाजारात इतकी खेळायला लागली की तिथल्या लोकांनी त्यांना 'मॉयडोर' असं नावच पाडलं. मूळ पोर्तुगीजचा अर्थ साधा, सोन्याचं नाणं. ओपोर्तोच्या वाइनचा धंदाही बराचसा इंग्रज व्यापाऱ्यांच्याच हातात होता. आणि ते सोनं खणत होते आफ्रिकेतून धरून नेलेले गुलाम. त्यांचा हिशेब रिकार्डोच्या फळ्यावर कुठेच येत नाही.

सोन्याचा पाचवा हिस्सा राजाचा. राजा जुआंव पाचवा याने त्याचं काय केलं, त्याचा एक नमुना मी लिस्बनला सांव रॉकच्या चर्चमध्ये पाहिला. डाव्या हाताला एक छोटं चॅपेल आहे. आपल्या वाड्यातलं देवघर असतं त्याहून थोडं मोठं. लाजवर्दी दगडाचे निळे खांब, अकीक, सोन्याचा मुलामा. भिंतीवरची चित्रं तैलरंगातली असावीत असं वाटलं. पुढे वाकून पाहिलं तर रंगीत तुकडे जडवलेले, एकेक तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा. हे सगळं चॅपेल 1740 च्या दशकात रोममध्ये बांधलं, पोपने त्यात मास, म्हणजे चर्चमधली पूजा, म्हटला, मग पुन्हा सुटं करून जहाजांतून लिस्बनला आणलं. आराखडा रोमचा, कारागीर रोमचे, मजुरीही तिकडेच वाटली गेली. मला तिथे आमचा शेवटच्या बाकावरचा मुलगा आठवला. त्याला एवढं एक दाखवलं असतं तरी पुरलं असतं.

सोन्याच्या आधी, मिरीच्या व्यापाराच्या काळात तरी वेगळं काय होतं? सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला हा देश जेमतेम दहा-पंधरा लाख लोकसंख्येचा. एवढ्या माणसांत आफ्रिकेपासून मलाक्कापर्यंत राज्य करायचं कसं? म्हणून त्यांनी समुद्रावर जकातनाका बसवला. आपल्या जहाजांनी त्यांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, घ्यायचा, नाहीतर जहाज गेलंच समजा. मिरी लिस्बनला राजाच्या वखारीत उतरायची आणि तिथून अँटवर्पच्या बाजारात जायची. नाकेवाल्याचा गल्ला भरतो, पण त्याने त्याच्या गावात कारखाने निघत नाहीत. पुढे 1602 मध्ये डचांची कंपनी भागभांडवल घेऊन उतरली आणि मलाक्का, कोलंबो, कोची असे एकेक नाके काढून घेत गेली.

ज्यांना व्यापार कळत होता, त्या ज्यूंना 1497 मध्ये बळजबरीने बाटवलं. 1536 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडी ठरवून शिक्षा देणारं धर्मन्यायालय, आलं. पुढे त्यांच्यातली कितीतरी कुटुंबं अॅमस्टरडॅमला निघून गेली. गंमत अशी, की रिकार्डोचं घराणंही मूळचं पोर्तुगीज ज्यूंचंच. वडील अॅमस्टरडॅमहून लंडनला आलेले. पोर्तुगालने वाइन करावी हे सांगणारा माणूस पोर्तुगालनेच घालवलेल्यांपैकी!

पण एक दुरुस्ती करते. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पोर्तुगाल काही भिकेला लागला नव्हता. खरी घसरण त्यानंतरची. 1807 मध्ये नेपोलियनचं सैन्य आलं तेव्हा दरबार जहाजांत बसून ब्राझीलला गेला, 1808 मध्ये ब्राझीलची बंदरं परक्या जहाजांना खुली झाली, 1822 मध्ये ब्राझीलच हातचं गेलं. इतर देश शाळा आणि रेल्वे बांधत होते तेव्हा इथे कर्ज वाढत होतं. 1911 च्या जनगणनेत चारांतल्या तिघांना लिहिता-वाचता येत नव्हतं. माझ्या मते सोन्यापेक्षा हा आकडा जास्त बोलका आहे. पुढे हुकूमशहा सालाझारने जमाखर्चाची तोंडमिळवणी केली, पण 1961 पासून आफ्रिकेतल्या युद्धांत पैसा आणि पोरं घातली. तरुण फ्रान्सला पळत राहिले. 1974 ला ती राजवट गेली, 1986 ला देश युरोपीय समुदायात शिरला.

प्रश्न : 'पगार' हा शब्द पोर्तुगीज आहे म्हणतात, ते खरं का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : खरं. 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणं. 'लिलाव'सुद्धा त्यांचाच. पगारावरून आमच्या घरातली गोष्ट आठवली. गोव्यात 1958 मध्ये रुपिया जाऊन एस्कुदो आला, एका रुपियाला सहा एस्कुदो. आजोबा सरकारी नोकरीत होते. पहिल्या महिन्याचा आकडा ऐकून शेजारच्या काकू थेट पेढे मागायला आल्या. आजीने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "साखर पण सहापट झाली आहे."