फार्मसीचं शिक्षण पुस्तकं आणि परीक्षांपलीकडे काय शिकवतं?

तुम्ही विचारलंय, ‘शेवटी मेडिकलच टाकायचं असेल तर बी.फार्म.ची चार वर्षं कशाला? पुस्तकं-परीक्षा सोडून तिथं शिकवतात तरी काय?’ हेच वाक्य आमच्या काकांनी मला प्रत्येक चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, ऐकवलंय, म्हणून लिहायला बसले.

मी पणजीला १८ जून रस्त्यावरच्या गोवा कॉलेज ऑफ फार्मसीत शिकले. तिथल्या औषधशास्त्राची परंपरा १८४२ पर्यंत मागे जाते, पोर्तुगीज काळातल्या वैद्यकीय शाळेपर्यंत. गोळ्यांच्या पट्ट्या कापून द्यायला कुणी एवढा खटाटोप केला नसता.

पेडण्याच्या बाजूला एका दुकानात मी काउंटरला होते तेव्हा एक आजोबा इन्सुलिन न्यायला यायचे. साखर काही केल्या उतरेना. डॉक्टरांनी २० चे ३० युनिट केले, तरी तेच. घरी सुनेला खात्री, की म्हातारा चोरून गोड खातो. त्यांनी तर रात्रीचं शीत, म्हणजे भातसुद्धा सोडला होता. मला म्हणाले, “दोतोरान सांगलां तितलेंच घेतां, बाय.” आवाजात अपमान होता.

मी म्हटलं, उद्या घरची सिरिंज घेऊन या आणि कसं भरता ते दाखवा. आणली. टोपी नारंगी!

बाटली ४० ची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. तिला लाल टोपीची सिरिंज लागते. नारंगी टोपीची १०० च्या इन्सुलिनसाठी. तिच्यावर ३० ची खूण म्हणजे ०.३ मिली, म्हणजे ४० च्या बाटलीतून जेमतेम १२ युनिट. एकदा लाल संपली होती म्हणून दुसऱ्या एका दुकानात त्यांना नारंगी दिली गेली, ‘सगळ्या सारख्याच’ म्हणून. तेव्हापासून ते तीच मागून नेत होते.

आता खरी गोष्ट. लाल सिरिंज हातात देऊन त्यांना तसंच घरी पाठवलं असतं, तर काय झालं असतं? त्याच रात्री शरीरात १२ ऐवजी ३० युनिट, एकदम अडीचपट. साखर इतकी खाली गेली असती, की झोपेतच बेशुद्ध पडले असते. म्हणून आधी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी डोस खाली आणून नव्याने बसवला, साखर रोज तपासायला लावली. मग सुनेला बोलावून मी दोन्ही सिरिंज तिच्यासमोर ठेवल्या आणि सांगितलं, सासऱ्यांनी काही चोरून खाल्लेलं नाही. ते तिला सांगणं मला डोसइतकंच महत्त्वाचं वाटलं.

४० आणि १०० चा फरक पुस्तकात असतो. ‘दाखवा बघू’ म्हणायची सवय, आणि बरोबर उत्तर सापडल्यावरही हात आवरून फोन उचलणं, हे मात्र प्रॅक्टिकलला उभं राहून, सरांची बोलणी खाऊन अंगात येतं.

काकांचं दुसरं म्हणणं, ‘सर्टिफिकेट भिंतीला लाव, पोरगा ठेव, तू घरी बस.’ नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्याचं ४२ वं कलम डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणी झालेल्या फार्मासिस्टनंच द्यावं असं सांगतं, आणि ते कागदासाठी नाही, त्या आजोबांसाठी आहे. सर्टिफिकेट भाड्यानं देणाऱ्यांबद्दल मला जराही आदर नाही, मग ते नात्यातले असोत.

सगळेच दुकानदार तसे नसतात, हेही खरं. वेर्णा-कुंडईच्या औषध कारखान्यांतली नोकरी मी केलेली नाही, तेव्हा तिथलं तिथल्या लोकांना विचारा. आणि घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर हे वाचून डोस किंवा सिरिंज स्वतःहून बदलू नका, आधी डॉक्टरांशी बोला.

दुकानच टाकायचं असेल तर डी.फार्म. ही पदविकाही चालेल, दोन वर्षांची. मात्र त्यानंतरचं ५०० तासांचं प्रशिक्षण ओळखीच्या दुकानातून सही आणून उरकू नका. जिथं फार्मासिस्ट स्वतः काउंटरला उभा असतो असं दुकान शोधा, मग ते घरापासून दोन बस लांब असलं तरी.