देहखंड, भग्न अंग आणि ‘हातातोंडाची गाठ’

प्रश्न असा आहे : अमेरिकन संकल्पनावादी कलावंत ब्रूस नाऊमनवरच्या मराठी लेखात ‘फ्रॅगमेंट’साठी, म्हणजे शिल्पात घेतलेल्या शरीराच्या एखाद्याच भागासाठी, ‘भग्नावशेष’ वापरावा का, आणि त्याच्या ‘फ्रॉम हँड टू माउथ’ (शब्दशः ‘हातापासून तोंडापर्यंत’) या शिल्पाचं नाव मराठीत कसं द्यावं?

‘भग्नावशेष’ नको, असं माझं ठाम मत आहे. भग्न म्हणजे मोडलेलं. आघातानं, काळानं किंवा कुणाच्या तरी हातून. घारापुरीच्या लेण्यांत हातपाय गमावलेल्या मूर्ती भग्न आहेत. १८२० साली ग्रीसच्या मिलोस बेटावर सापडलेली व्हीनसची मूर्तीही भग्न, कारण तिला कधीकाळी हात होते. ‘खंडित’लाही हाच वास येतो, खंडित मूर्ती पूजेत ठेवत नाहीत. ‘छिन्न’मध्ये शस्त्र आलं, आणि ‘शरीराचे तुकडे’ म्हटलं की वाचक थेट गुन्हेवार्तेत जातो.

नाऊमनचं १९६७चं हे शिल्प वॉशिंग्टनच्या हिर्शहॉर्न संग्रहालयात आहे. माणसाच्या अंगावरून साचा घेऊन, कापडावर मेण चढवून केलेलं, उंची साधारण ७१ सेंटिमीटर. त्यात आहे काय? हात, दंड, खांदा, मान, हनुवटी, तोंड. बस. डोळे नाहीत, छाती नाही. पण इथे काही मोडलेलं नाही. इंग्रजी वाक्प्रचार जिथून जिथवर जातो, नेमका तेवढाच देह घेतला आहे. शरीर कुठे कापायचं हे भाषेनं ठरवलं, आणि शिल्पाचा सगळा जीव त्या निर्णयात आहे. ‘भग्न’ म्हटलं की तो निर्णयच पुसला जातो.

म्हणून मी ‘देहखंड’ सुचवेन. खंडित आणि खंड एकाच कुळातले असले तरी वापरात त्यांचे रस्ते वेगळे झालेत. भूखंड, कालखंड, ग्रंथाचा दुसरा खंड : यात कुठेही मोडतोड नाही, हद्द आखून घेतलेला भाग आहे. नाऊमनचीच १९६६ची एक निऑन नळ्यांची कलाकृती पाहा. स्वतःच्या शरीराच्या डाव्या अर्ध्या भागाच्या आकाररेषा त्यानं दर दहा इंचांवर घेतल्या आणि नळ्यांमध्ये वाकवल्या. तिथे मांसाचा भास देणारं काहीच नाही, नुसती मापं उजळलेली. ‘देहखंड’ तिथेही चालतो, ‘अवयव’ मात्र अजिबात नाही. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत दहा-दहा इंचांवर कोणता अवयव सुरू होतो?

आता नाव. त्या इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ, आजचं आज कमवायचं आणि आजच संपवायचं. त्यासाठी आपण पटकन ‘हातावर पोट’ म्हणतो, आणि अर्थ अगदी चोख बसतो. पण शिल्पात पोट नाही! प्रेक्षक पोट शोधत राहील. ‘हातातोंडाशी आलेला घास’मध्ये हात आणि तोंड दोन्ही आहेत, पण तो घास हिरावला जाण्यासाठीच येतो, तेव्हा भाव चुकतो. उरतं ‘हातातोंडाची गाठ’. ‘कशीबशी हातातोंडाची गाठ पडते’ हे आपण पोटापुरत्या मिळकतीबद्दलच म्हणतो. शिवाय ‘गाठ’ हा शब्द मधला दंड, खांदा, मान हा सगळा रस्ता आपोआप सांगून जातो. इतका नेमका जुळणारा वाक्प्रचार मराठीत तयार असताना शब्दशः ‘हातापासून तोंडापर्यंत’ करून घालवू नये. तसं केलं तर वर्णन उरतं, वाक्प्रचार जातो, आणि शिल्प कळेनासं होतं.

अर्थात दर वेळी हे साधणार नाही. त्याच काळातल्या त्याच्या ‘ईटिंग माय वर्ड्स’ (शब्दशः ‘माझे शब्द खाताना’, म्हणजे बोललेलं मागे घेताना) या छायाचित्रात तो ‘वर्ड्स’ या शब्दाच्या अक्षरांच्या आकाराचे पावाचे तुकडे जॅम लावून खायला बसला आहे. मराठीत आपण शब्द ‘मागे घेतो’, खात नाही. ‘शब्द गिळणे’ आहे, पण ते ओठांवर आलेलं न बोलण्याबद्दल. तिथे मूळ नाव देवनागरीत ठेवा आणि अर्थ पुढच्या वाक्यात सांगा.